बर्डीच्या पुस्तक दुकानाची साइट मुंबईच्या क्लाउडवर: वेग किती वाढला, बिल किती आलं

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. घेतलेली वस्तू: ॲमेझॉनच्या लाइटसेल या क्लाउड सेवेतला, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारा, मुंबईतला २ जीबी रॅमचा सर्व्हर, पाटीवरची किंमत महिना १२ डॉलर. कशासाठी: नागपुरातल्या बर्डीच्या मागच्या गल्लीतल्या एका पुस्तकांच्या दुकानाची साइट, वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्स (त्याला जोडलेलं ऑनलाइन दुकान) यांवर चालणारी. परीक्षा: एक अख्खा दसरा. मत: पुन्हा घेईन. पण १२ डॉलर हा आकडा बिलावर कधीच येत नाही, आणि साइटचा जो वेग वाढला त्यातला निम्म्याहून जास्त वाटा क्लाउडचा नाहीच. विकणारे या दोन्ही गोष्टी मोठ्या अक्षरात सांगत नाहीत, म्हणून हे एवढं लिहून राहिले.

मी नागपुरातल्या छोट्या दुकानांच्या साइट सांभाळते. फरसाणवाले, चष्म्यांचं दुकान, एक नर्सरी, आणि हे पुस्तकवाले काकाजी. काकाजींच्या साइटचं वर्ष सरळ नसतं. एरवी दिवसाला चार-दोन ऑर्डरी, त्याही बहुतेक गडचिरोली, चंद्रपूर, बुलढाण्याकडच्या. पण दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंनी लोक येतात आणि जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात, हे नागपूरकराला सांगायला नको. स्टॉलवर जे पुस्तक संपतं, त्यासाठी काकाजी क्यूआर कोड चिकटवून ठेवतात: इथून मागवा, घरी येईल. त्या दोन-तीन दिवसांत साइटवर जेवढी माणसं येतात तेवढी बाकीच्या दोन महिन्यांत येत नाहीत. मग ६ डिसेंबर, मग १४ एप्रिल. बाकी सगळं शांत.

साइट आधी शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइट मिळून वापरतात अशा सर्व्हरवर, होती. कंपनीचं नाव घेत नाही. सर्व्हर अमेरिकेत होता. पहिल्या मुदतीला भाव स्वस्त, आणि नूतनीकरणाच्या वेळी जवळपास तिप्पट. ‘अमर्याद’ असं लिहिलेलं होतं, पण एका वेळी किती प्रोसेस चालतील याची मर्यादा आत बारीक अक्षरात होती, आणि ती गाठली की गिऱ्हाइकाला पांढऱ्या पानावर ५०८ नंबरची एरर दिसायची. काकाजींचा फोन यायचा, “काऊन पोरी, सायट इतकी हळू काऊन चालून राहिली? गिऱ्हाईक समोर उभं हाय ना!”

तर तपासायचं ठरलं. तपासणं म्हणजे पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजायच्या पानावर पत्ता टाकून हिरवा आकडा बघणं नव्हे. तो आकडा मीही बघते, पण तो काय सांगतो ते कळायला हवं. ती चाचणी गूगलच्या स्वतःच्या मशीनवरून चालते आणि मोबाइलसाठी एक ठरावीक मंद जोडणी गृहीत धरते: सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन १५० मिलिसेकंदांची फेरी, सेकंदाला १.६ मेगाबिट आणि चौपट मंद केलेला प्रोसेसर. दोन साइटची तुलना करायला ते ठीक. त्याच पानावर वर खऱ्या गिऱ्हाइकांचे २८ दिवसांचे आकडेही येतात, पण त्यासाठी पुरेशी वर्दळ लागते. काकाजींसारख्या साइटला तिथे ‘माहिती नाही’ एवढंच मिळतं. मुंबईतून चाचणी करून देणाऱ्या सेवाही आहेत, त्यातही एक गोम आहे. त्यांचं चाचणीचं मशीन बरेचदा त्याच क्लाउडच्या त्याच डेटा सेंटरात बसलेलं असतं. शेजारच्या खोलीतून हाक मारून आवाज किती लवकर पोचतो ते मोजल्यासारखं होतं ते. आकडा झकास येतो, त्याचा नागपूरशी संबंध नसतो.

म्हणून मी तीन गोष्टी मोजल्या आणि तिन्ही नागपुरातून. एक, लॅपटॉपवरून कर्ल ही कमांड: नाव शोधायला किती वेळ, जोडणी व्हायला किती, टीएलएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, कुलूप बसायला किती, पहिला बाइट, म्हणजे उत्तराचा पहिला कण, यायला किती, हे ती तुकड्या-तुकड्यांत सांगते. दोन, दुकानात काम करणाऱ्या पोराचा ३ जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड फोन, यूएसबीने क्रोमला जोडून, इतवारीच्या गल्लीत आणि त्रिमूर्तीनगरला माझ्या घरी, मुद्दाम रात्री आठ-नऊला. तीन, गर्दीची चाचणी, तिच्याबद्दल पुढे. आणि प्रत्येक वेळी नुसतं साइटचं पहिलं पान नाही. पुस्तकाचं पान, कार्ट आणि पैसे भरायचं पानही. पहिलं पान कॅशमधून, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या प्रतीतून, येतं, ते कुणाचंही बरं पळतं. खरी परीक्षा कार्टपासून, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाची कार्ट वेगळी, ती कॅश करता येत नाही, दर वेळी पान बनवणारं पीएचपी आणि डेटाबेस दोघांनाही उठावं लागतं.

जुन्या सर्व्हरचे आकडे असे होते. नागपूरहून अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत एक फेरी अडीचशे मिलिसेकंदांच्या आसपास. आता ब्राउझरला पहिला बाइट मिळायच्या आधी निदान तीन फेऱ्या लागतात: एक टीसीपीच्या जोडणीला, एक टीएलएसला, तेही नवं १.३ असेल तर, आणि एक प्रत्यक्ष पान मागायला. म्हणजे पाऊण सेकंद नुसत्या येण्या-जाण्यात. त्यानंतर सर्व्हरने पान बनवायचं, त्याला आणखी पाऊण सेकंद. दीड सेकंद पडदा कोरा. गूगलच्या हिशेबात पहिला बाइट ०.८ सेकंदात यायला हवा आणि पानातली मुख्य गोष्ट २.५ सेकंदांत दिसायला हवी. आमची मुख्य गोष्ट, म्हणजे पुस्तकाचं मुखपृष्ठ, दुकानातल्या त्या फोनवर साडेसहा सेकंदांना उगवायची.

इथे बहुतेक जण एक गोष्ट चुकतात, किंवा त्यांना विकणारा मुद्दाम चुकवतो. सगळं एकदम बदलतात: नवा सर्व्हर, नवी थीम, नवा प्लगइन. मग साइट पळायला लागली की श्रेय क्लाउडला. मी आधी जुन्या सर्व्हरवरच पान हलकं केलं आणि पुन्हा मोजलं, मग सर्व्हर हलवला. काकाजींनी मुखपृष्ठं स्कॅन करून टाकलेली, एकेक दोन-तीन एमबीचं. ती वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात आणि फोनच्या मापात आणली, शंभर केबीच्या आत बसली. दुसरं ओझं आपल्या लिपीचं आहे. देवनागरीत जोडाक्षरांमुळे फॉण्टमध्ये आकार खूप लागतात, त्यामुळे रोमन फॉण्टपेक्षा फाइल बरीच जड असते. आधीच्या माणसाने मुक्ता या फॉण्टची हलक्यापासून जाडजूडपर्यंत सगळी वजनं लावून ठेवली होती. वापरात होती दोन. दोनच ठेवली, ती आपल्याच सर्व्हरवरून दिली, आणि फॉण्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर दिसेल अशी सोय केली. एवढ्यावर साडेसहाचे चार सेकंद झाले. सर्व्हर अजून अमेरिकेतच, खर्च शून्य. ज्यांची साइट हळू आहे त्यांनी क्लाउडचं खातं उघडायच्या आधी हे करून बघावं. कित्येकांना पुढचं वाचायची गरजच उरणार नाही.

आम्हाला उरली, कारण कार्ट तरीही रांगत होती.

सर्व्हर कुठे घ्यायचा यावर मी जरा रमले. नकाशात नागपूरहून हैदराबाद सुमारे पाचशे किलोमीटर आणि मुंबई आठशेच्या पुढे. ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून केंद्र आहे आणि हैदराबादेत २०२२ पासून. मायक्रोसॉफ्टचं पुण्यात, गूगलचं मुंबईत आणि दिल्लीत, डिजिटलओशनचं बंगळुरात. झिरो माइल आपल्याकडे, तेव्हा देशाच्या मध्यावर बसलेल्याला जवळचं ते निवडता यावं, असं वाटतं. प्रत्यक्षात माझ्या घरच्या ब्रॉडबँडवरून हैदराबादला काढलेला ट्रेसराउट, म्हणजे डेटा कुठून कुठून जातो त्याचा माग, आधी मुंबईला जाऊन मग दक्षिणेला वळत होता. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे नागपूर-मुंबई जाऊन-येऊन प्रकाशाला आठ-नऊ मिलिसेकंद पुरतात. मला फेरी पंचवीस-तीसची मिळाली, हैदराबादची त्याहून थोडी जास्तच. तुमच्या कंपनीची तार कुठून जाते त्यावर हे ठरतं, किलोमीटरवर नाही. तेव्हा आपल्या घरून आणि आपल्या फोनवरून मोजा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. मी मुंबई घेतली.

लाइटसेलच का, ईसीटू का नाही? ईसीटू हा ॲमेझॉनचा मोठा बाजार. तिथे प्रत्येक गोष्टीचा वेगळा भाव. २ जीबी रॅमचं टी३ स्मॉल मशीन मुंबईत तासाला ०.०२२४ डॉलर, महिन्याचे सोळा डॉलरच्या वर. त्यात ३० जीबीची डिस्क, पावणेतीन डॉलर. त्यात सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता (इंटरनेटवरचा सर्व्हरचा नंबर), फेब्रुवारी २०२४ पासून त्याचे तासाला अर्धा सेंट, महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. बाहेर जाणारा डेटा महिना १०० जीबीपर्यंत फुकट, पुढे जीबीला जवळजवळ ११ सेंट. बेरीज बावीस-तेवीस डॉलर, आणि दर महिन्याला वेगळी. लाइटसेलमध्ये तेवढीच रॅम, दोन व्हर्च्युअल प्रोसेसर, ६० जीबी एसएसडी, पत्ता आणि डेटाचा कोटा मिळून १२ डॉलर. लहान दुकानदाराला दर महिन्याला बिल वाचायला बसवणं हा अत्याचार आहे. लिनोड आणि डिजिटलओशन यांचाही २ जीबीचा साधा प्लॅन १२ डॉलरचाच, प्रोसेसर एक आणि डिस्क ५० जीबी. तेही वाईट नाहीत. लिनोड मुंबईत आहे, सोपंही आहे. मला रुपयातलं बिल हवं होतं, आणि भारतीय पत्त्याच्या खात्याला ॲमेझॉनची इथलीच कंपनी जीएसटीसकट बिल देते, म्हणून पारडं तिकडे झुकलं.

लाइटसेलच्या माहितीपत्रकातली एक तळटीप मात्र मुंबईवाल्यांनी वाचायलाच हवी. या प्लॅनला डेटाचा कोटा इतर बहुतेक ठिकाणी ३ टीबी आहे. मुंबईत निम्मा, दीड टीबी. आणि त्यात येणारा-जाणारा दोन्ही डेटा मोजला जातो. कोटा संपल्यावर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जीबीला १३ सेंट. पुस्तकांच्या साइटला दीड टीबी संपवायला जन्म जाईल, पण ज्यांना व्हिडिओ ठेवायचे आहेत त्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

आता वेग. नव्या सर्व्हरवरची सॉफ्टवेअरं: साधं उबुंटू, एनजिनएक्स, पीएचपीची चालू आवृत्ती, मारियाडीबी, आणि रेडिस. हलवायच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे साइटचा जुना पत्ता इतरांच्या लक्षात राहायची मुदत, ३०० सेकंदांवर आणला, रात्री अकराला ऑर्डरी थांबवल्या, डेटाबेस उचलला, पत्ता बदलला, लेट्स एन्क्रिप्टचं टीएलएसचं प्रमाणपत्र बसवलं. यात सांगण्यासारखं काही घडलं नाही, हीच त्याची स्तुती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला बाइट: कॅशमधलं पान सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या जरा पुढे, कार्टचं पान सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात. आधीचा दीड सेकंद आठवा. दुकानातल्या फोनवर पुस्तकाचं मुखपृष्ठ चार सेकंदांऐवजी दोनच्या आसपास. म्हणजे साडेसहावरून दोनवर आलो, त्यातले अडीच सेकंद फोटो-फॉण्टचे आणि दोन सेकंद मुंबईचे. कार्ट आणि पैसे भरायच्या पानाला (चेकआउटला) मात्र श्रेय पूर्ण सर्व्हरचं. तिथे फोटो नव्हतेच. यूपीआयचं पान उघडायला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच, तो पेमेंटवाल्यांच्या हातात.

क्लाउडफ्लेअर या साइटच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवरून देणाऱ्या सेवेचा फुकट प्लॅनही समोर लावून बघितला. त्यांच्या शहरांच्या यादीत नागपूरही आहे, म्हणून मोठी आशा होती. प्रत्येक साइटवर त्यांचं एक तपासणीचं पान असतं, त्यात ‘कोलो’ या शब्दापुढे ज्या शहरातून उत्तर आलं तिथल्या विमानतळाची तीन अक्षरं येतात. नागपूरची एनएजी यायला हवीत. घरच्या जोडणीवर कधी ती आली, कधी मुंबईची, आणि फोनवर एकदा देशाबाहेरचीच. फुकटात कुठून उत्तर मिळेल ते तुमची टेलिकॉम कंपनी आणि ते मिळून ठरवतात. सर्व्हर आधीच मुंबईत असताना आम्हाला यातून वेगाचा फायदा नगण्य झाला, पण फालतू बॉटांची (आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामांची) गर्दी अडवायला ठेवलं आहे.

गर्दीची चाचणी के६ या साधनाने केली. चालू साइटवर नाही. स्नॅपशॉटवरून (सर्व्हरची जतन केलेली छबी) एक जुळी प्रत उभी केली, तिच्यावर. लाइटसेलचं बिल तासावर लागतं, त्यामुळे त्या प्रतीचे तासाला दीड रुपयाच्या आसपास पडले. शेअर्ड होस्टिंगवर अशी तालीम करायची सोयच नव्हती. केलीच तर खातं बंद व्हायचं. कॅशमधल्या पानावर कितीही माणसं सोडली तरी मशीन हललं नाही. चेकआउटवर एका वेळी पंधरा-वीस जण असेपर्यंत एका सेकंदाच्या आत उत्तर. चाळीस झाले की चार-पाच सेकंद. २ जीबीत वूकॉमर्सच्या पीएचपी प्रोसेस डझनभरच बसतात, बाकीच्यांना रांगेत थांबावं लागतं. आणि चाचणी लांबवली की आणखी एक गोष्ट दिसते. हे प्रोसेसर पूर्ण वेळ तुमचे नसतात. एका ठरावीक टक्केवारीपर्यंत कायम चालवा, त्याच्या वर चालवायचं तर साठवलेलं क्रेडिट खर्च होतं, आणि ते संपलं की मशीन हळू होतं. लाइटसेलच्या आलेखात याचे दोन पट्टे रंगवलेले असतात, खालचा टिकाऊ आणि वरचा उसना. एरवीच्या दिवशी आमची रेघ तळाशी झोपलेली असते. दसऱ्याची तालीम केली तर ती वरच्या पट्ट्यात जाऊन बसली आणि काही तासांत क्रेडिट उतरणीला लागलं.

म्हणून दसऱ्याच्या आठवड्यापुरतं ४ जीबीचं मशीन घेतलं. इथे लाइटसेलचा गुण वजा होतो: चालू मशीन जागेवर मोठं होत नाही. आधी स्नॅपशॉट, त्यावरून मोठ्या प्लॅनचं नवं मशीन, मग स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, तिकडे फिरवायचा. चढणं सोपं. उतरताना मोठ्या मशीनच्या स्नॅपशॉटवरून लहान मशीन बनवू देत नाहीत. तेव्हा लहान मशीन मोडायचं नाही, बाजूला ठेवायचं, आणि परतताना रात्री ऑर्डरी थांबवून फक्त डेटाबेस तिकडे न्यायचा. ठेवलेलं मशीन बंद करून ठेवलं तरी त्याचं भाडं चालूच राहतं, हेही ध्यानात ठेवा. ४ जीबीचा महिन्याचा भाव २४ डॉलर, आठवड्याचे साडेपाच डॉलरच्या आत. जीएसटी धरून साडेपाचशे रुपये. काकाजी म्हणाले, “इतके तं स्टॉलवरच्या पोरायच्या चहा-पोह्याले जातात. घे ना बाई.”

दसऱ्याला काय झालं? सर्व्हरकडून तक्रार नाही. दिवसभर चेकआउट एका सेकंदाच्या आत. पण मी दीक्षाभूमीच्या मैदानाजवळ उभी राहून फोनवर साइट उघडली तेव्हा पान यायला पंधरा-वीस सेकंद लागत होते, कारण लाखो फोन एकाच टॉवरांच्या गळ्यात पडलेले. तिथे मुंबईची पंचवीस मिलिसेकंदं घेऊन काय लोणचं घालायचं? तिथे कामाला आलं ते हलकं पान. फोटो-फॉण्ट उतरवल्यावर पुस्तकाचं पान अडीचशे केबीत बसत होतं, ते रडत-खडत का होईना पोचत होतं. जुनं चार एमबीचं पान त्या गर्दीत उघडलंच नसतं. पुढच्या खेपेला क्यूआर कोडमागे आणखी हलकं पान ठेवणार: पुस्तकाचं नाव, किंमत, नंबर टाका, पैसे मागाहून. तो खर्चही शून्य.

आता बिल, ज्याच्यासाठी काकाजींनी मला दुकानात बसवून चहा पाजला. डॉलर ८५ रुपये धरला आहे. भाव त्याहून वर असेल तर बिलही वर जाईल. सर्व्हर १२ डॉलर. रोजचे आपोआप स्नॅपशॉट, जीबीला महिना ५ सेंट, आमचे सगळे मिळून एका डॉलरच्या आत. ऑर्डरीच्या मेल ॲमेझॉनच्याच मेल सेवेतून, हजार मेलला १० सेंट, म्हणजे नसल्यासारखाच. तेरा डॉलर, अकराशे रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे तेराशे. आता नेहमीचा सल्लागार सांगेल, जीएसटीचं काय, इनपुट क्रेडिट मिळतं की. फरसाणवाल्यांना मिळतं. काकाजींना नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि ज्याच्या विक्रीवर कर नाही त्याला खरेदीवरच्या कराची वजावट नाही. ते दोनशे रुपये त्यांच्या खिशातूनच जातात. वर्षाला सोळा हजारांच्या आसपास, दसऱ्याची वाढ धरून. शेअर्ड होस्टिंगचं नूतनीकरण याच्या निम्म्यात झालं असतं. क्लाउड स्वस्त पडतो हे वाक्य ज्याने कुणी बाजारात सोडलं त्याने पुस्तकांचं दुकान चालवलेलं नसावं. काकाजींनी हिशेब उलटा मांडला: दसऱ्याच्या आठवड्यात किती ऑर्डरी अर्ध्यावर सुटायच्या आणि यंदा किती सुटल्या. त्यांना तो फरक पटला, त्यांनी पैसे दिले. आकडा त्यांचा आहे, मी सांगणार नाही.

बिलात न दिसणाऱ्या दोन गोष्टी. पहिली मेल. शेअर्ड होस्टिंगमध्ये दुकानाच्या नावाचे मेलबॉक्स फुकट असतात. इथे नसतात, आणि सर्व्हरवरून थेट मेल पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट सुरुवातीला बंदच असतं. आम्ही मेलबॉक्स झोहो या मेल सेवेवर नेले. हे हलवायच्या आधी करा, नाहीतर ऑर्डर येईल आणि तिची खबर कुणालाच लागणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मी. सीपॅनल नाही, बटणं नाहीत. सुरक्षेचे अपडेट, डिस्क भरली का, प्रमाणपत्र वेळेवर बदललं का, हे कुणीतरी बघायला लागतं. त्याचे पैसे मी घेते. काकाजींनी विचारलंच, “अन् तू लगन करून पुण्याले गेली तं?” पुण्याहूनही हे करता येतं, हे उत्तर त्यांना फारसं पटलेलं नाही. म्हणून सगळे पासवर्ड, स्नॅपशॉटवरून साइट परत कशी उभी करायची ते, आणि खर्च ठरावीक रकमेच्या वर गेला की येणारा इशारा कुणाच्या फोनवर लावलाय ते, एका कागदावर मराठीत लिहून त्यांच्या गल्ल्यात ठेवलं आहे. ज्यांच्याकडे असा कुणी माणूस नाही त्यांनी १२ डॉलरचा सर्व्हर घेऊ नये. जास्त पैसे देऊन भारतातला सर्व्हर असलेलं, सांभाळून देणारं होस्टिंग घ्यावं. माझ्या चष्मेवाल्यांना मी तेच घ्यायला लावलं. त्यांची साइट पाच पानांची आहे, तिथे कुणी काही विकत घेत नाही, पत्ता आणि फोन नंबर बघून लोक दुकानात येतात.

क्लाउडवर येऊनही जशीच्या तशी राहिलेली गोष्ट म्हणजे शोध. वर्डप्रेसचा मूळ शोध डेटाबेसमधल्या मजकुरात अक्षरं जुळवत जातो, त्याला इंडेक्सचा (आधी बनवून ठेवलेल्या सूचीचा) उपयोग होत नाही, आणि गिऱ्हाइकाने ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे केलं की पुस्तक असूनही काही सापडत नाही. १२ च्या जागी २४ डॉलर टाकले तरी त्यात काडीचा फरक पडत नाही, हे दसऱ्याच्या आठवड्यात बघून झालं. १४ एप्रिलच्या आत वेगळा शोध बसवायचा आहे. लोक कोणतं पुस्तक कोणकोणत्या नावाने विचारतात त्याची यादी काकाजी जुन्या हिशेबाच्या वहीत लिहून राहिले, सध्या ते ‘प’ पर्यंत पोचले आहेत.